हेडलाइटचा झोत थरथरतो? बोल्टच्या आधी सॉकेट बघा

जुन्या गाडीचा डावा हेडलाइट रस्ता जरा खराब लागला की थरथरायचा. काचेवर दाबलं की अख्खा दिवा आत-बाहेर हले. बोल्ट आवळले, मागे फोम कोंबला, बल्बही बदलला. फरक शून्य, नुसता वैताग.

दोष निघाला झोत वर-खाली जुळवायच्या ॲडजस्टर स्क्रूच्या टोकाशी. तिथला गोळा दिव्याच्या मागच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये (खोबणीत) बसतो आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक तडकतं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग बल्बचा कनेक्टर आणि बोल्ट. दिवा सरळ पुढे ओढून गोळ्यातून सोडवला (तिरका ओढलात तर चांगला सॉकेटही तुटेल). ॲडजस्टर स्क्रू अजिबात फिरवला नाही, त्यामुळे मूळ सेटिंग फारसं हललं नाही. नवा सॉकेट बसवला, आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, 'टक्' आवाज येईपर्यंत दिवा दाबला आणि मगच बोल्ट आवळले. तुटका सॉकेट गोंदाने चिकटवू नका; गोळा जखडला की झोत जुळवताच येत नाही.

शेवटी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर लो बीम लावून झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली आणली. माझ्या दिव्यावर १ टक्क्याची खूण आहे, म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटीमीटर उतार. तुमच्यावर वेगळी असेल तर ती धरा.