डोक्यात जाणाऱ्या वाक्यांचं करायचं काय

काही वाक्यं कानावर पडली की डोक्यातच जातात. माणूस चांगला असतो हो, वाक्य नको असतं. आणि भांडून तरी काय, बायकोच्या मावशीशी भांडणार का तुम्ही? बरेच दिवस चिडचिड करून झाल्यावर मला जे लागू पडलं ते सांगतो.

सगळ्यात आधी अनोळखी नंबरवरून येणारं "काय, ओळखलं का?" इथे चूक आपलीच होते, संकोचापोटी आपण अंदाज बांधत बसतो, "कोण, काका का?" असं चुकूनही करू नका. फ्रॉडवाले नेमकं हेच वाक्य वापरतात, तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो माणूस ते लगेच होतात आणि दोन मिनिटांनी "अरे माझं यूपीआय चालत नाहीये, जरा अर्जंट..." सुरू. सरळ म्हणायचं, "नाही ओळखलं, नाव सांगा." खरा काका असेल तर "हो हो, मोठी माणसं झालात आता तुम्ही" असं ऐकवेल, ऐकून घ्यायचं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि पैसे गेलेच असतील तर लाजत न बसता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा.

मग "पाच मिनिटांत पोचतोच". माझा एक मित्र हे बोलत होता तेव्हा मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत होता!! अशांना "कुठे आहेस" विचारूच नका, "सिग्नलला आहे" हे उत्तर तयारच असतं. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन मागायचं, त्यात १५ मिनिटांचा ऑप्शन असतो तेवढा पुरे. लोकेशन आलं नाही तर तुम्ही खुशाल चहा टाका.

"राग मानू नकोस, पण..." याला समवयस्कांसाठी जालीम उपाय आहे, त्या "पण"च्या आत हसत म्हणायचं "मग राहू दे ना". मोठ्यांना असं बोलता येत नाही, तिथे पोह्यांवर लिंबू मागायचं. मावशी उठून आत जातात आणि विषय हुकतो. "किती सुटलायस रे!" याला फक्त "हो". एवढंच. थायरॉईड, बैठं काम, जिमची फी वगैरे खुलासा करायला गेलात की मेथीच्या पाण्यापर्यंत सल्ले येणार. लग्न कधी, गोड बातमी कधी, यांनाही असंच एका शब्दात, "कळवू".

"मी करेल", "मी येईल" ऐकून ज्यांचा जीव वरखाली होतो (मी त्यातलाच), त्यांनी जरा दमाने घ्या. पुस्तकात "मी करेन, मी येईन" आहे, बरोबर. पण मी एकदा नगरच्या मित्राला चारचौघांत टोकलं तर तो म्हणाला, "आमच्यात आजीपासून असंच बोलतात, तुला समजलं ना मी येणारे ते?" समजलं होतं. अर्जात किंवा जाहिरातीत असेल तर जरूर सुधारा, तेही एकट्यात सांगून, गप्पांत सोडून द्या.

आता अवघड भाग, आपलं स्वतःचं पालुपद. ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही. स्वतःचे जुने व्हॉइस मेसेज लावून ऐका, तीन-चार पुरतात. मी ऐकले तर एका मिनिटात सात वेळा "म्हणजे कसंय ना". ठरवून एकदम बंद होत नाही, त्या जागी गप्प राहायची सवय करावी लागते, शब्द तोंडाशी आला की एक श्वास घ्यायचा. सुरुवातीला फोनवर समोरचा "हॅलो, हॅलो" करतो, करू द्यायचं. घरातल्या एकाला मोजायला बसवा, मी बायकोला बसवलं होतं. माझं बरंच कमी झालं, पण परवा मुलाला गृहपाठाचं विचारलं तर साहेब म्हणतात, "बाबा, म्हणजे कसंय ना..."