हापूसच्या पेटीवर नाव छापण्यापूर्वी
आंबा बागायतदारांसाठी सल्ला : जानेवारी-फेब्रुवारी

मोहोर स्थिरावून फळे सुपारीएवढी होऊ लागली की बागायतदाराचे सारे लक्ष तुडतुडा, करपा आणि फळगळ यांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि पेट्या व खोक्यांची छपाईही याच सुमारास होत असल्याने, त्यावर काय छापायचे याचा निर्णय काढणी सुरू होण्याआधी घ्यावा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. 'आपल्या जिल्ह्याला मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळाले' हा समज मात्र चुकीचा आहे. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यानुसार मानांकन दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि उत्पादकांच्या सहकारी संस्था यांसारख्या नोंदणीकृत धारकांच्या नावे असते, आणि ते आपल्या मालावर वापरण्याचा तसेच गैरवापराविरुद्ध दाद मागण्याचा हक्क हवा असेल, तर प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. त्यासाठीचा जीआय-३ अर्ज धारक संस्थेच्या साहाय्याने चेन्नई येथील नोंदणी कार्यालयाकडे जातो. अर्जापूर्वी सातबाऱ्यावर आंब्याच्या पिकाची नोंद आहे ना, हे पाहावे. बाग उभी आणि उताऱ्यावर जमीन पडीक, अशी अवस्था कोकणात नवी नाही. ही नोंदणी फार तर १० वर्षे टिकते, म्हणून जुन्या नोंदणीधारकांनी मुदत तपासावी.

नोंदणी झाल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. हा हक्क विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्याला वापरण्यास देता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या व्यापाऱ्याला आपली लेबले 'एवढ्या हंगामापुरती' देणे म्हणजे कायद्याचा भंग होय. कर्नाटकातील हापूस रूपाने इतका सारखा असतो की वाशीच्या बाजारात तो कोकणच्या पेटीत भरला की सामान्य ग्राहकाला ओळखू येत नाही, आणि ती पेटी बहुधा आपल्याकडूनच रिकामी होऊन गेलेली असते. छापील रिकाम्या पेट्या भंगारात देऊ नयेत; त्या परत मागवाव्यात किंवा छपाई खरवडून मगच द्याव्यात. खोटे भौगोलिक मानांकन लावल्यास किमान ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे.

पायरी, केसर किंवा रायवळ फळे हापूसच्या पेटीत मिसळू नयेत. नूतन झेल्याने (आंबे उतरवण्याच्या सुधारित अवजाराने) देठासह, चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार झालेलीच फळे उतरवावीत, कारण भाव मिळावा म्हणून कोवळा काढलेला आंबा नावाला जेवढा बट्टा लावतो, तेवढा परका आंबाही लावत नाही. प्रत्येक तोडणीची तारीख, कलमबागेचा गट क्रमांक, पेट्यांची संख्या आणि दलालाचे नाव वहीत लिहून पावत्या जपून ठेवाव्यात. तक्रार करण्याची वेळ आली, तर आपला माल कोणता हे दाखवण्यास हीच वही उपयोगी पडते.