गच्चीवरच्या वेदर स्टेशनचा डेटा एमक्यूटीटीनं वी-डब्ल्यूएक्समध्ये कसा आणायचा, आणि पाऊस बरोबर कसा मोजायचा

बडोद्यात पावसाळ्यात सकाळी पहिला प्रश्न एकच असतो, रात्री किती पडला. शेजारच्या बेन कठड्यावरून विचारतात "केटलो पड्यो?" आणि आमचे काका वही घेऊन जिन्यातच उभे असतात. ३१ जुलै २०१९ ला इथे दिवसभरात जवळजवळ ५०० मिमी पाऊस पडला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. ज्यांनी घरातलं सामान माळ्यावर चढवलंय त्यांच्यासाठी हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. म्हणून मी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर वेदर स्टेशन लावलं. पण त्याच्याबरोबर येणारा डिस्प्ले आत्ताचा आकडा दाखवतो आणि विसरतो. मागच्या वर्षी याच आठवड्यात किती पडला होता, ढगफुटीसारखा पाऊस नक्की किती वाजता सुरू झाला, हे हवं असेल तर डेटा कॉम्प्युटरवर साठवायलाच पाहिजे.

माझी साखळी अशी आहे: गच्चीवरचा सेन्सर, त्याचे रेडिओ सिग्नल पकडणारा यूएसबी डोंगल, ते सिग्नल वाचणारा आरटीएल-४३३ नावाचा प्रोग्रॅम, मध्ये मॉस्किटो नावाचा एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारा मध्यस्थ, आणि शेवटी वी-डब्ल्यूएक्स, जो सगळं डेटाबेसमध्ये लिहितो आणि ग्राफ काढतो. शोधताना स्पेलिंग डब्ल्यू, दोन ई, परत डब्ल्यू, एक्स असं टाका. सगळे प्रोग्रॅम फुकट आहेत आणि रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतात. खाली मी प्रोग्रॅम आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, फाइलमध्ये अर्थातच ती इंग्रजीतच टाकायची.

आणि एक नियम पहिल्यापासून पाळा, एक टप्पा डोळ्यांनी चालताना बघितल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. सगळं एकदम इन्स्टॉल करून शेवटी ग्राफ रिकामा आला की पाचपैकी कुठे अडलंय हे शोधण्यात अख्खा रविवार जातो, माझा गेलाय.

मध्ये ब्रोकर कशाला

डोंगलवरून थेट वी-डब्ल्यूएक्समध्ये डेटा घेता येतो, मग मध्ये हे कशाला असं वाटेल. एमक्यूटीटी म्हणजे उपकरणांनी एकमेकांना निरोप पाठवायचा प्रोटोकॉल, तो १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला बनवला गेला, सॅटेलाइटची लाइन महाग आणि बेभरवशाची, म्हणून निरोप छोटे आणि काम साधं. पाठवणारा ब्रोकरला टॉपिक, म्हणजे निरोपाचा विषय, सांगून निरोप देतो, ज्यांनी तो टॉपिक मागितलाय त्यांना ब्रोकर तो पोचवतो, पाठवणाऱ्याला कोण ऐकतंय याच्याशी काही घेणंदेणं नाही. घरात याचा फायदा असा की डोंगल गच्चीच्या जिन्यात आणि कॉम्प्युटर खालच्या खोलीत ठेवता येतो, उद्या दुसरा सेन्सर आणला तर तो पण त्याच ब्रोकरला बोलतो, आणि मुलाला फोनवर तापमान बघायचं असेल तर तो पण तोच टॉपिक ऐकू शकतो, मूळ सेटिंगला हात न लावता.

सिग्नल पकडणं

घरगुती स्टेशनं बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, काही ८६८ किंवा ९१५ वर, डब्यावर लिहिलेलं असतं. आरटीएल२८३२यू चिपचा डोंगल घ्या, हा मुळात टीव्ही बघायचा डोंगल आहे आणि म्हणूनच कधीकधी लिनक्स त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर लावून टाकतो आणि आरटीएल-४३३ ला डोंगल मिळत नाही. तसं झालं तर तो टीव्हीचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे लिनक्सनं तो लावू नये असं सांगून, पाय रीस्टार्ट करायचा. डोंगल पायला चिकटून नको, मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून लांब ठेवा, चार्जर आणि एलईडी ड्रायव्हरपासूनही लांब.

आता टर्मिनलमध्ये आरटीएल-४३३ नुसता चालवा आणि दहा मिनिटं बघत बसा. डिफॉल्ट फ्रिक्वेन्सी ४३३.९२ आहे, स्टेशन दुसऱ्या बँडवर असेल तर ती वेगळी द्यावी लागते. स्क्रीनवर तुमच्या स्टेशनबरोबर शेजाऱ्यांचे सेन्सर, कोणाची डोअरबेल, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या टायरमधले प्रेशर सेन्सर असं बरंच काही दिसू शकतं. तुमचं कोणतं हे ओळखायला सेन्सरवर हात ठेवून तापमान वाढतंय का बघा. मग मॉडेलचं नाव, आयडी, आणि प्रत्येक आकड्याचं फील्डनेम युनिटसकट वहीत उतरवा. वारा मीटर पर सेकंदात येतोय की किलोमीटर पर अवरमध्ये हे मॉडेलप्रमाणे बदलतं आणि नावातच लिहिलेलं असतं. आयडीच्या बाबतीत लक्षात ठेवा, बऱ्याच सेन्सरचा आयडी बॅटरी बदलली की बदलतो.

ब्रोकर

मॉस्किटो इन्स्टॉल करणं एका कमांडचं काम आहे, पण व्हर्जन २ पासून तो डिफॉल्टमध्ये फक्त त्याच मशीनवरचं ऐकतो, दुसऱ्या खोलीतला कॉम्प्युटर जोडला तर कनेक्शन नाकारलं जातं आणि आपण वायफायला दोष देत बसतो. कॉन्फिगरेशनमध्ये लिसनर १८८३ अशी ओळ टाका, अलाऊ-अनॉनिमस फॉल्स ठेवा, आणि मॉस्किटो-पासवर्डनं एक युजर बनवा. १८८३ या पोर्टवर सगळं उघडं, कोणालाही वाचता येईल असं जातं, घरच्या नेटवर्कमध्ये चालेल, पण राउटरमधून हा पोर्ट बाहेर उघडू नका. बाहेरून बघायचंच असेल तर पोर्ट ८८८३ आणि टीएलएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणं.

आता आरटीएल-४३३ ला एमक्यूटीटी आउटपुट द्यायला सांगा, ब्रोकरचा पत्ता, युजर, पासवर्ड देऊन. तो इव्हेंट्स नावाच्या टॉपिकवर अख्खा मेसेज जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि आकडा अशा जोड्यांच्या मजकुरात, टाकतो आणि डिव्हाइसेसखाली प्रत्येक आकडा सुटा सुटा. मी इव्हेंट्स वापरते, एका मेसेजमधले वारा, तापमान, पाऊस एकाच क्षणाचे असतात. दुसऱ्या टर्मिनलमध्ये मॉस्किटो-सब चालवून टॉपिकच्या जागी आरटीएल-४३३ स्लॅश हॅश द्या (हॅश म्हणजे त्याखालचं सगळं), मेसेज धडाधड दिसायला लागले की हा टप्पा झाला. नाही दिसले तर इथेच थांबा.

रिटेन ऑन करू नका. रिटेन म्हणजे ब्रोकर शेवटचा मेसेज धरून ठेवतो आणि नवीन कोणी आलं की लगेच देतो. दिव्याच्या स्विचसाठी ते ठीक आहे, हवामानासाठी नाही, कारण सेन्सर कालपासून बंद असला तरी रीस्टार्टनंतर कालचंच तापमान आत्ताचं म्हणून नोंदलं जातं.

वी-डब्ल्यूएक्सला जोडणं

वी-डब्ल्यूएक्स टाका, त्याच्यात एमक्यूटीटी-सबस्क्राइब नावाचं एक्स्टेंशन टाका आणि पायथनची पाहो-एमक्यूटीटी लायब्ररी आहे ना ते बघा. हे एक्स्टेंशन दोन पद्धतींनी चालतं. सगळा डेटा एमक्यूटीटीवरूनच येत असेल तर ड्रायव्हर म्हणून, आणि यूएसबीवर आधीच एखादं स्टेशन जोडलेलं असून त्यात भर घालायची असेल तर सर्व्हिस म्हणून. आपल्याला ड्रायव्हर. कॉन्फिगरेशनमध्ये स्टेशन-टाइप बदलायचा, मग ब्रोकरचा पत्ता, युजर, पासवर्ड, टॉपिक, मेसेजचा टाइप जेसन, आणि कोणतं फील्ड कशात जाईल याची यादी. तापमान आउटटेम्पमध्ये, दमटपणा आउटह्युमिडिटीमध्ये, वारा विंडस्पीडमध्ये, झोत विंडगस्टमध्ये, पाऊस रेनमध्ये. मधली कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी लागतात, आउटटेम्पमधला टी स्मॉल टाकला तर एरर येत नाही, फक्त तापमान कधीच दिसत नाही.

इथे युनिट-सिस्टिम नावाची ओळ आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात. पर्याय तीन, यूएस, मेट्रिक आणि मेट्रिक-डब्ल्यूएक्स. आपण भारतीय माणसं डोळे मिटून मेट्रिक निवडतो. पण मेट्रिकमध्ये पाऊस सेंटिमीटरमध्ये धरतात, वारा किमी पर अवरमध्ये, आणि मेट्रिक-डब्ल्यूएक्समध्ये पाऊस मिमीमध्ये, वारा मीटर पर सेकंदमध्ये. सेन्सर मिमी देतोय आणि तुम्ही मेट्रिक लिहिलंत तर पाऊस सरळ दहापट. म्हणून मेट्रिक-डब्ल्यूएक्स लिहा, आणि वारा किमीमध्ये येत असेल तर त्या एका फील्डला वेगळं युनिट देता येतं. डेटाबेस आत कोणत्या युनिटमध्ये साठवायचा हे सेटिंग निराळं आहे, डिफॉल्ट यूएस असतं, ते बदलायचं तर पहिली नोंद पडायच्या आधीच बदला, नंतर सोपं नाही. स्क्रीनवर सेल्सिअस आणि मिमी दिसणं हे परत तिसरंच सेटिंग.

पाऊस

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेन्सर जो पावसाचा आकडा पाठवतो तो बेरजेचा असतो, म्हणजे बॅटरी टाकल्यापासून आत्तापर्यंत एकूण किती. वी-डब्ल्यूएक्सला मात्र मागच्या मेसेजनंतर किती पडला तेवढंच हवं असतं. मी हे न बघता जोडलं होतं. काऊंटरवर ८४ मिमी होते, बाहेर एक थेंब नव्हता, आणि दर १६ सेकंदांनी ते ८४ परत परत मोजले जात होते, पाच मिनिटांत दीड मीटर पाऊस. वी-डब्ल्यूएक्सच्या क्वालिटी चेकमध्ये एका वेळच्या पावसाची डिफॉल्ट मर्यादा १० इंच आहे, त्यामुळे ८४ मिमी आरामात आत गेले. उपाय एका ओळीचा, रेन फील्डखाली कंटेन्स-टोटल ट्रू. मग एक्स्टेंशन स्वतः मागचा आकडा वजा करतं. याचा दुसरा फायदा, मधले दोन-चार मेसेज हुकले तरी पाऊस हुकत नाही, पुढच्या बेरजेत तो येतोच. फक्त भर पावसात वी-डब्ल्यूएक्स रीस्टार्ट करू नका, कारण सुरू झाल्यावरचा पहिला आकडा वजा करायला मागचं काही नसतं. आणि ती १० इंचाची मर्यादा कमी करा, सोळा सेकंदांत कुठेच एवढा पाऊस पडत नाही.

चुकीच्या नोंदी आत गेल्याच असतील तर वी-डब्ल्यूएक्स थांबवा, डेटाबेसची कॉपी काढा, त्या नोंदींमधला पाऊस रिकामा करा आणि डेली समरी, म्हणजे रोजच्या बेरजांचे तक्ते, परत बांधून घ्या. समरी बांधायची राहिली तर मूळ नोंद सुधारूनही महिन्याचा आकडा चुकीचाच दिसतो.

मापन खरं आहे का हे तपासायला घरचं पाणी पुरतं. गेजच्या तोंडाचा व्यास मोजा. १२ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ११३ चौसेंमी, म्हणजे ११३ मिली पाणी बरोबर १० मिमी पाऊस. बाटलीच्या झाकणाला टाचणीनं भोक पाडून तेवढं पाणी अगदी हळू, अर्ध्या तासात थेंबथेंब सोडा, भसकन ओतलंत तर आतली झुलती वाटी उलटत असताना येणारं पाणी न मोजताच वाया जातं. मुसळधार पावसात पण हेच होतं, असे गेज थोडा कमीच दाखवतात. ही टेस्ट मॉस्किटो-सबवर बघत, नोंदी सुरू करायच्या आधी करा. आकडा ९.५ आला तर कॅलिब्रेशनमध्ये रेनला १.०५ नं गुणायचं. आणि गेज स्पिरिट लेव्हल ठेवून सपाट बसवा, कलला की दोन वाट्या सारख्या भरत नाहीत.

काकांचा काचेचा गेज आहे, ते रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि पहिले दोन आठवडे त्यांचा आकडा माझ्याशी जुळेचना. ते म्हणाले, "अगं, तुझं मशीन रात्री बाराला दिवस बदलतंय." बरोबर होतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, वी-डब्ल्यूएक्सचा मध्यरात्री ते मध्यरात्री. पेपरातल्या आकड्याशी ताडायचं तर साडेआठ ते साडेआठच्या नोंदींची बेरीज करा. तशी केल्यावर आमच्यात एक-दोन मिमीचाच फरक राहिला.

राहिलेलं

हवेचा दाब बहुतेक स्टेशनांच्या बाहेरच्या युनिटमध्ये नसतोच, आतल्या डिस्प्लेमध्ये असतो. मी ईएसपी-३२ या छोट्या वायफाय बोर्डवर बीएमई२८० हा दाबाचा सेन्सर लावून तो त्याच ब्रोकरला जोडला. याचा कच्चा आकडा प्रेशर फील्डमध्ये टाका, बॅरोमीटरमध्ये नाही, कॉन्फिगरेशनमध्ये घराची उंची दिली की समुद्रसपाटीचा दाब वी-डब्ल्यूएक्स स्वतः काढतो. बडोदा ३५-४० मीटरवर आहे, त्यामुळे फरक ४ हेक्टोपास्कलच्या आसपास यायला पाहिजे, त्याहून खूप वेगळा आला तर कुठेतरी घोटाळा आहे.

लाइट जाऊन आली की राउटर उठायच्या आधी पाय उठतो आणि त्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून राउटर आणि पाय एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा. तापमानाचा सेन्सर तापलेल्या स्लॅबपासून दीड-दोन मीटर वर आणि हवेशीर हवा, नाहीतर मे महिन्यात शहराचं नाही, गच्चीचं तापमान मोजाल. गेजचं तोंड दर पंधरा दिवसांनी बघा, कबुतरांची घाण आणि कडुनिंबाची पानं अडकली की पाऊस हळूहळू झिरपतो आणि ग्राफवर पाऊस थांबल्यावरही तासभर पाऊस दिसतो.

आणि बडोद्यातल्या प्रत्येकासाठी, १३ जानेवारीला संध्याकाळी वाऱ्याच्या वाट्या आणि दिशेचा बाण खाली उतरवून ठेवा. उत्तरायणात, म्हणजे १४ जानेवारीच्या पतंगांच्या सणात, कापलेला मांजा अगदी बरोबर त्या दांड्यावर येऊन पडतो, एक गुंडाळी बेअरिंगमध्ये गेली की वाट्या मोडतात, आणि तो सोडवायला गर्दीच्या गच्चीवर शिडी लावणं धोक्याचं. वासी उत्तरायण, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं, झालं की मी सोळा तारखेला सकाळी दांड्याभोवतीचा मांजा कापून काढते, वाट्या हातानं फिरवून बघते, आणि बाणाची उत्तरेची खूण कंपासला धरूनच नट आवळते.