ड्रॉइंगचा कोपरा आधी बघा

डिप्लोमा करून कुडाळहून वास्कोला आलो तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, युद्धनौकेवर काम करायचं. आता गावची पोरं मला फोन करून विचारतात, "गोवा शिपयार्डची 'त्रिपुट' २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरली, 'तवस्या' २२ मार्च २०२५ ला. मग आता काम काय उरलं?" अरे बाबांनो, १२४.८ मीटर लांबीची, ३,६०० टनांची क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट जलावतरणाच्या दिवशी तयार नसते. केबल, पाइप, डक्ट, शस्त्रांची जोडणी आणि समुद्रातल्या चाचण्या, यात पुढचे कितीतरी महिने जातात. माणसं लागतात ती तिथेच.

पण माझ्यासारखं करू नका. मी तेव्हा एका छोट्या खासगी यार्डात होतो, नाव राहू दे. बल्कहेडला, म्हणजे जहाजाच्या आतल्या पोलादी भिंतीला, केबलसाठी भोक पाडायचं होतं. सुपरवायझरने ड्रॉइंगचा फोटो मोबाइलवर पाठवला. मी मापं घेतली, खडूने खूण केली, फिटरने कटर चालवला. संध्याकाळी कळलं की मी ड्रॉइंगच्या रिव्हिजन 'बी' वर (जुन्या आवृत्तीवर) काम केलं होतं आणि 'डी' केव्हाच आलं होतं. भोक वीतभर सरकलं होतं. रिव्हिजन लिहिलेला खालचा उजवा कोपरा फोटोत आलाच नव्हता, आणि मला तो मागायचं सुचलं नाही.

एका भोकाचं काय एवढं? तो बल्कहेड पाणबंद होता. एका कप्प्यात पाणी शिरलं तर शेजारचा कोरडा राहतो तो त्याच्या जिवावर. तिथे ठिगळ चालत नाही. भोकाभोवतीचा पत्रा कापायचा, कोपरे गोल ठेवायचे (टोकदार कोपऱ्यातून तडा जातो), तिथे नवीन तुकडा (इन्सर्ट प्लेट) बसवायचा, वेल्डिंग, मग त्याची तपासणी. वर पलीकडच्या बाजूचा रंग जळालेला, तो खरवडून पुन्हा लावायचा. माझ्या पाच मिनिटांपायी चार दिवस गेले.

म्हणून छापील प्रत हातात घ्या, रिव्हिजन रजिस्टरशी ताडून बघा, मगच खडू काढा. माप फ्रेमपासूनच, म्हणजे जहाजाच्या बरगडीपासूनच घ्या. शेजारच्या ब्रॅकेटपासून घेऊ नका, तो ब्रॅकेटच चुकीचा लागलेला असू शकतो. डावं-उजवं ठरवताना तोंड नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे ठेवा.

नोकरीची हमी देणारे कोर्स? माझ्या मते पैसे पाण्यात. त्यापेक्षा यार्डातला एखादा जुना मिस्त्री धरा. मला ज्या काकांनी शिकवलं त्यांना ई-मेल उघडता येत नव्हता, पण पत्र्यावर हात फिरवून तो कुठे वाकलाय ते सांगायचे. त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि मग स्वतःच चहाला घेऊन गेले. नोकरी गेली नाही. तुमचीही एका चुकीने जाणार नाही, लपवली नाहीत तर.

आणि हो, पोलीस पडताळणीला वेळ लागतो. गावचा पत्ता आणि वास्कोतला भाडेकरार, दोन्ही कागद आधीच तयार ठेवा. माझे पहिले तीन आठवडे गेटबाहेरच गेले.