मुंबई ते न्यूयॉर्क: तारीख, तास आणि किलोमीटर मोजताना या चुका टाळा

आमच्या मावशीच्या तिकिटावर लिहिलं होतं ‘रविवार, 00:30’. घरच्यांनी ऐकलं ‘रविवारी रात्री साडेबारा’. रविवारी जेवणं उरकून, देवाला नमस्कार करून सगळे विमानतळावर पोचले, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे ही चूक फार घरांत होते. 00 ते 04 च्या दरम्यानची वेळ दिसली की कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत लिहा: ‘आज रात्री निघायचं’.

दुसरी चूक वजाबाकीची. समजा, विमान मुंबईहून शनिवारी 01:30 ला सुटतं आणि न्यूयॉर्कला शनिवारीच सकाळी 07:00 ला उतरतं. साडेपाच तास? नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणून प्रवास पंधरा तासांचा. परतताना उलटं: रविवारी दुपारी 12 ला निघून सोमवारी 11:30 ला मुंबई, म्हणजे कागदावर साडेतेवीस तास आणि प्रत्यक्षात चौदा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारताना हे खरे तास सांगा.

त्यातही ‘साडेनऊ’ कायमचं पाठ करू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जातं आणि फरक साडेदहाचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत थेट आइसलँडवरून जातो. तेच सर्वांत कमी अंतर, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ॲपवर कधी मैल, कधी सागरी मैल असतात, ते आधी पाहा; एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

त्या साडेबारा हजार किलोमीटरना ताशी 900 किलोमीटरने भागून चौदा तास काढणारे हुशार दर घरात एक असतातच. पण विमान दोऱ्यावरून उडत नाही. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. वळसा वाढला की तास वाढतात. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. म्हणून जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी.

मध्ये अमेरिकेतच विमान बदलायचं असेल, तर तिथल्या पहिल्या विमानतळावरच सहसा इमिग्रेशन होतं आणि बहुतेक वेळा बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचा थांबा घेऊ नका, तिकीट कितीही स्वस्त असलं तरी.