मधल्या इंजिनाच्या गाडीत रेडिएटर कुठे बसवावा

चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे इंजिन ठेवून घरी गाडी बांधणाऱ्याला रेडिएटरची आठवण बहुधा उशिरा होते; तोवर सांगाडा वेल्ड झालेला असतो आणि इंजिनाशेजारी उरलेल्या पोकळीत रेडिएटर कोंबण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. तिथली हवा आधीच तापलेली असते, आणि बाजूच्या पत्र्याला कितीही मोठे भोक पाडले तरी गाडीला घासून मागे जाणारी हवा आपण होऊन आत वळत नाही. फेरारीने १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर दोन्ही बाजूंना नेले खरे, पण त्यासाठी गाडी जवळजवळ दोन मीटर रुंद झाली. फियाट एक्स वन-नाइन, पाँटिअ‍ॅक फिएरो, टोयोटा एमआर-टू आणि लोटस एलिस या गाड्यांनी इंजिन मागे ठेवूनही रेडिएटर नाकातच, म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकालाच ठेवला. आपणही तेच करावे.

रेडिएटरचा आकार ठरवताना ज्या गाडीचे इंजिन घेतले तिचा मूळ रेडिएटर हे किमान माप धरावे. परदेशी बांधणाऱ्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते: इंग्लंडात २० अंशांच्या हवेत ९० अंशांच्या पाण्याला ७० अंशांचा फरक मिळतो, तर मे महिन्यात नागपुरात ४२ अंशांच्या हवेत तोच फरक ४८ वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर सुमारे एकतृतीयांश कमी काम करतो.

हवा आत घेण्याची काळजी सगळे घेतात. ती बाहेर कुठून जाणार, हे फार थोडे जण पाहतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक गाड्या इथेच फसतात. रेडिएटरमागची हवा कोंडली की पुढची हवा फिनमधून, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पात्यांमधून जाण्याऐवजी त्याला वळसा घालते. म्हणून नाकातल्या तोंडापासून रेडिएटरच्या कडांपर्यंत पत्र्याचा बंद मार्ग करावा आणि फटी फोमने बुजवाव्यात. तोंड रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असले तरी पुरते, मात्र मार्ग हळूहळू रुंदावत गेला पाहिजे. हवा बोनेटच्या पुढच्या भागातून वर सोडणे उत्तम; एलिसमध्ये हेच केलेले दिसते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी मात्र झरोका कधीही काढू नये, कारण तिथे हवेचा दाब जास्त असतो आणि हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू पाहते.

हे तपासायला कार्यशाळा लागत नाही. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करून त्यात रंगीत पाणी भरावे, एक टोक रेडिएटरच्या पुढे व दुसरे मागे बांधावे, आणि मोकळ्या खासगी ट्रॅकवर शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक मोजावा. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब सुमारे ३० मिलिमीटर पाण्याइतका असतो. त्यातले तीन-चार मिलिमीटरच हाती लागत असतील, तर रेडिएटर मोठा करून काही साधणार नाही. आधी हवेचा मार्ग सुधारावा.

पाण्याच्या नळ्या ३० ते ३२ मिलिमीटर आतील व्यासाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. त्यांच्या टोकांना कड उठवून घ्यावी, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळला तरी होज (रबरी नळी) निसटतो. नळ्या दोन सीटांमधल्या बोगद्यातून नेल्यास केबिन तापते, म्हणून त्यांना वेष्टन हवे. दरवाजाखालच्या काठाखालून नेल्या तर जॅक कुठे लावायचा तेही ठरवून खूण करावी, कारण फिएरोच्या नळ्या अशाच जॅकखाली चेपल्या जातात. जाऊन-येऊन सहा मीटरच्या, ३० मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांत सुमारे सव्वाचार लिटर पाणी जास्तीचे मावते. सगळे मिळून बारा लिटर कूलंट असेल, तर ते तापल्यावर साधारण अर्धा लिटर फुगते. प्रसरण टाकीत तेवढी जागा रिकामी राहिलीच पाहिजे.

खरी कटकट हवेची असते. गॅरेजमध्ये ‘पाइपने एअर धरली’ म्हणतात ते या लांब नळ्यांत हमखास घडते. टाकी साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत उंच जागी, शक्यतो इंजिनाच्या वर ठेवावी. तिच्या तळापासून वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला एक जाड नळी द्यावी आणि सिलिंडर हेडच्या तसेच रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून दोन बारीक नळ्या टाकीच्या माथ्यात आणाव्यात. मुख्य नळीला मध्ये कुठेही उंटाची पाठ येऊ देऊ नये. भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (हवा काढण्याचा स्क्रू) सैल करून तिथून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत सावकाश ओतावे, मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत थांबावे आणि पुढच्या दोन्ही होजना हात लावून ते गरम झाल्याची खात्री करावी. तापमानाच्या काट्यावर इथे विसंबू नये: सेन्सर हवेच्या पोकळीत अडकला तर इंजिन उकळत असतानाही तो कमी तापमान दाखवतो. इंजिन गरम असताना टाकीचे झाकण तर उघडूच नये. एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहते आणि झाकण सैल होताच भसकन तोंडावर येते.

शेवटी पूर्ण भारावर गाडी चालवून रेडिएटरच्या दोन्ही तोंडांचे तापमान मोजावे. पाणी पंधरा अंश किंवा त्याहून जास्त थंड होऊन परतत असेल आणि तरी इंजिन तापत असेल, तर पाणी कमी फिरते आहे. पंप, थर्मोस्टॅट आणि चेपलेली नळी तपासावी. फरक जेमतेम तीन-चार अंशांचाच असेल, तर पाणी पुरेसे फिरते आहे पण हवा जात नाही, म्हणून पुन्हा रंगीत पाण्याची नळी बाहेर काढावी.