वाढदिवसाला गुपचूप मुंबई: पुण्याहून दोन दिवसांचा बेत

सहा ते अकरा वर्षांच्या मुलासाठी हा बेत आहे: शुक्रवारी पहाटे घरातून निघायचं, एक रात्र मुंबईत राहायचं आणि शनिवारी रात्री परत यायचं. मुलाला यातलं काहीही आधी सांगायचं नाही.

शनिवार-रविवार सोडून शुक्रवार का? रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) असतो, भर दुपारी लोकल खोळंबतात आणि राणीबागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, मुंगीला शिरायला जागा नसते. बुधवारी राणीबाग बंद असते. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवतात. हे ठाऊक नसलेले बरेच जण गुरुवारी भायखळ्याला बंद फाटक बघून परततात. वाढदिवसाची तारीख अडचणीच्या वाराला येत असेल तर तिथीने करा की. पंचांग आपल्याच सोयीसाठी असतं.

तिकिटं

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. सुरुवातीच्या वेळेत बुकिंग आधार-पडताळणी झालेल्या खात्यावरूनच होतं, म्हणून ते काम आदल्या आठवड्यातच उरका. जाताना डेक्कन क्वीन घ्या: पुण्याहून ७.१५ ला सुटते आणि १०.२५ ला सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) पोचते. परतीची १७.१० ला सुटून २०.२५ ला पुण्यात येते. वेळापत्रक बदलतं, त्यामुळे तिकीट काढताना एकदा बघून घ्या. नाशिककरांना हाच बेत पंचवटीने जमतो.

पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला चेअर कारमध्ये पूर्ण भाडं भरून पूर्ण सीट घ्यावी लागते. ‘बर्थ नको, अर्धं तिकीट द्या’ ही सोय शयनयानात आहे, खुर्च्यांच्या डब्यात नाही. पाचाखालचं मूल फुकट जातं, पण त्याला सीट मिळत नाही. सव्वातीन तास मांडीवर घेऊन बसल्यावर पहिला दिवस तिथेच संपल्यासारखा वाटतो, तेव्हा लहानग्यासाठीही सीट काढलेली बरी. तीन माणसं असतील तर तिन्ही सीटा एका रांगेत आल्यात का ते बघा. खिडकीवरून भांडण लागलं तर वाढदिवसाचं पोर हमखास जिंकतं, म्हणजे धाकट्याची समजूत घालायची तयारी आधीच ठेवा.

हॉटेल फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपासचं घ्या आणि फुकटात रद्द करता येईल असंच घ्या. मुलांना ताप नेमका आदल्या रात्री येतो. फोनवर दोन प्रश्न विचारा: साडेदहाला सामान ठेवून घ्याल का, आणि मुलाचं ओळखपत्र लागेल का? मुलाच्या आधारची एक झेरॉक्स बॅगेत असू द्या. हॉटेलने सामान ठेवून घेतलं नाही तर स्टेशनवरची क्लोकरूम आहे. तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. त्यासाठी चेनला लावायचं एक छोटं कुलूप घरूनच घ्या.

गुपित कुठे फुटतं

आयआरसीटीसीचा मेसेज मुलाच्या हातातल्या मोबाइलवर वर येतो आणि आता दुसरीतलं पोरही ‘मुंबई’ हा शब्द वाचतं. तिकिटं अशा फोनवरून काढा जो खेळायला दिला जात नाही. धाकट्या भावंडाला आदल्या रात्रीही सांगू नका, त्याच्या पोटात राहत नाही. आजी-आजोबांना मात्र आधी सांगा आणि औक्षण रविवारी त्यांच्याकडेच, हेही तेव्हाच ठरवून टाका. नाहीतर वाढदिवसाच्या सकाळी त्यांचा फोन येणार: ‘काय रे, कुठे निघालात?’

शाळेच्या रजेचा अर्ज वर्गशिक्षिकेला द्या आणि वर्गात काही बोलू नका असं त्यांना स्पष्ट सांगा. आणखी एक प्रश्न येतो ज्याचं उत्तर बहुतेकांकडे तयार नसतं: ‘मग शाळेत चॉकलेटं कधी वाटायची?’ सोमवारी, नवा ड्रेस घालून. हे उत्तर दोघांनी आधी ठरवून ठेवा. आईने एक आणि बाबांनी दुसरं सांगितलं की मुलाला लगेच वास लागतो.

मुलाचे कपडे कपाटातून काढू नका. रोजचा आवडता टी-शर्ट गायब झाला की शोधाशोध होते. गुरुवारी धुऊन वाळत घातलेल्यांतून दोन जोड थेट बॅगेत टाका. त्यातली एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा. मुंबईचा घाम, आइस्क्रीम आणि लाँचवरचे शिंतोडे, तिन्हीला तीच कामी येते. बूट पायात रुळलेलेच हवेत. वाढदिवसाचे नवे बूट पहिल्याच दिवशी टाचेला लागतात, ते घरीच राहू देत.

सांगायचं कधी

आदल्या रात्री सांगितलं तर मूल झोपत नाही आणि दुपारी बाराला राणीबागेत कडेवर घ्या म्हणतं. आमचं मत: एकच गुपित दोन हप्त्यांत फोडावं.

पहिला हप्ता स्टेशनवर. पहाटे उठवून औक्षण घरीच उरका, कारण निरांजन गाडीत लावता येत नाही. निघताना ‘बाहेर नाश्त्याला जाऊ’ एवढंच सांगा. गाडीत डायनिंग कार आहे, ऑम्लेट-टोस्ट मिळतं, म्हणजे खोटंही ठरत नाही. फलाटावर काही सांगू नका. मुलाला डब्यावरच्या पाटीसमोर उभं करा आणि ‘वाच बरं’ म्हणा. अक्षरं जुळवत ते ‘मुंबई’पर्यंत येतं, मग थांबतं, मान वळवून तुमच्याकडे बघतं. व्हिडिओ काढायचाच असेल तर ज्याचं बोलणं कमी त्याच्या हातात फोन द्या. मोठ्यांनी ‘सरप्राइज!’ म्हणून ओरडलं की मूल आधी दचकतं आणि मग कॅमेऱ्यासाठी हसतं.

दुसरा हप्ता पेंग्विनचा. तो राणीबागेच्या फाटकापर्यंत तोंडातून काढू नका. एखादं दालन अचानक बंद असलं तर दिलेला शब्द मोडल्याचं रडगाणं तरी वाचतं.

काही मुलांना ठरलेल्यात झालेला बदल सोसत नाही, नवी जागा म्हटलं की घाबरतात. अशा मुलाला एक दिवस आधी फोटो दाखवून सगळं सांगा. त्याच्यासाठी तीच भेट.

(दुसऱ्या एका वाढदिवसाची गंमत: डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली आणि दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनावर तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. मुलाचा वाढदिवस त्याच सुमाराचा असेल तर वेगळं काही योजायला नको.)

शुक्रवार

सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. ही इमारत १८८७-८८ ची आहे आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलाला हे आकडे नकोत, त्याला भिंतीवरची दगडी माकडं, मोर आणि सिंह शोधायला लावा. दहा मिनिटं पुरतात. मग सामान टाकून पोटभर खाऊन घ्या. रिकाम्या पोटी राणीबाग नको.

साडेअकराच्या सुमाराला सीएसएमटीहून स्लो लोकल पकडा: मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. सकाळची गर्दी सीएसएमटीकडे येणारी असते आणि तुम्ही उलटे जात असता. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला लोकलचं अर्धं तिकीट लागतं. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालतच जाता येतं.

आत गेल्यावर वाटेतल्या पिंजऱ्यांपाशी रेंगाळू नका, थेट पेंग्विनकडे जा. दुपारनंतर तिथली रांग वाढते. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले. मूळचे ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नव्हेतच. ‘मग यांना बर्फ का नाही?’ असं विचारणाऱ्या मुलाला हेच उत्तर. दालन थंडगार असल्याने बाहेर पडल्यावर उकाडा एकदम जाणवतो. तिथेच पाणी पाजा आणि सावलीत पंधरा मिनिटं बसा. त्यानंतर मुलालाच कोणतेही दोन प्राणी निवडायला सांगा, ते बघून निघा. सगळी बाग ‘करायची’ म्हटलं की तीन वाजता पाय बोलायला लागतात.

साडेतीनपर्यंत खोलीवर या. तास-दीड तासाची झोप या बेतातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि नेमकी तीच लोक वगळतात.

संध्याकाळी डबल डेकर. जुन्या लाल डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता बेस्टच्या एसी विजेवरच्या आहेत. ११५ क्रमांकाची बस सीएसएमटीहून एनसीपीएला (नरिमन पॉइंटच्या नाट्य-संगीत केंद्राला) जाते. वरच्या मजल्यावरची पुढची सीट हवी तर सुटण्याच्या थांब्यावरूनच चढा आणि गरज पडली तर एक बस सोडून द्या. पाचच्या सुमाराला नोकरदार नरिमन पॉइंटकडून स्टेशनाकडे येत असतात, त्यामुळे जाणारी बस मोकळी मिळते. एनसीपीएला उतरलं की समोर मरीन ड्राइव्ह. सूर्य मावळेपर्यंत कठड्यावर बसा, पण मुलाला पलीकडच्या सिमेंटच्या चौपायांवर उतरू देऊ नका, शेवाळाने पाय सटकतो. पावसाळ्यात भरतीची वेळ बघूनच जा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर तिकडे फिरकू नका.

परत यायला काळी-पिवळी टॅक्सी घ्या. रिक्षा शोधत उभे राहू नका, बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. भेळ-पाणीपुरीचा हट्ट दुसऱ्या दिवशी पुरवा. पहिल्याच रात्री पोट बिघडलं तर शनिवार खोलीतच जातो.

केक रात्री खोलीत. क्रीमचा केक पुण्याहून नेलात तर दुपारपर्यंत त्याचं पिठलं होतं. मावा केक न्या: कॅम्पातल्या कयानी बेकरीतून गुरुवारी घेतलेला दोन दिवस फ्रिजशिवाय राहतो आणि डब्यात आकारही मोडत नाही. मेणबत्ती लावण्याआधी रिसेप्शनला विचारा, छतावर धुराचा सेन्सर असतो. गाडीत मेणबत्ती लावायची नाही. एसी डब्यांतही धूर ओळखणारी यंत्रणा असते आणि पेटवणं हा गुन्हा आहे.

हात सुटला तर

सकाळी निघताना मुलाचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. ‘कोणते कपडे घातलेत?’ या प्रश्नाला घाबरलेले आईबाप चुकीचं उत्तर देतात. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने दोघांचे फोन नंबर लिहा आणि घामाने पुसले की दुपारी पुन्हा लिहा.

मुलाला दोनच नियम शिकवा. रस्त्यावर किंवा बागेत चुकामूक झाली तर जागेवरून हलायचं नाही, आम्ही मागे येतो. लोकलमध्ये तू चढलास आणि आम्ही राहिलो तर पुढच्याच स्टेशनला उतरून फलाटावर तिथेच उभं राहायचं. हे नियम गाडीत बसल्या बसल्या दोनदा म्हणवून घ्या. चढताना एक मोठा आधी, मग मूल, मग दुसरा मोठा. उतरतानाही तसंच. रेल्वेसाठी १३९, मुलांसाठी १०९८ आणि इतर सगळ्यासाठी ११२.

शनिवार

साडेनऊला खोली सोडा आणि सामान तिथेच ठेवा. गेटवेहून अर्ध्या तासाची समुद्रफेरी करा. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मागा, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात. एलिफंटाला या खेपेला जाऊ नका: जाऊन-येऊन दोन तास बोटीत, वर पायऱ्या, आणि ५.१० ची गाडी डोक्यावर.

तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सव्वादहाला उघडतं. मूर्तींच्या दालनात मुलं लवकर कंटाळतात, म्हणून पेंढा भरलेल्या प्राण्या-पक्ष्यांचं दालन आधी घ्या. आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. आईबाबांच्या लहानपणीचं तारापोरवाला मत्स्यालय करोनाकाळापासून बंद आहे, आठवणीच्या भरात तिकडे टॅक्सी वळवू नका.

दुपारी जेवून, सामान घेऊन साडेचारला फलाटावर या. गाडी कर्जतला थांबते तेव्हा मूल जागं असेल तर खिडकीतून मागे बघायला सांगा: घाट चढायला मागून इंजिनं जोडतात. मग बोगदे मोजायला लावा. बहुतेक मुलं आकडा चुकता चुकताच झोपतात. तेव्हा बूट काढून बॅगेत टाका, सीटखाली ठेवलेला एक बूट घाटात घरंगळून तीन रांगा पुढे जातो. खडकी गेली की उठवा. शिवाजीनगरला गाडी जेमतेम थांबते.